डाव्या पायडलची पाचर

ताईला लातूरच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं. सोमवारी पहाटे हजर व्हायचं, त्या वेळी तिच्या गल्लीत ऑटो येत नाही. म्हणून तिची सायकल नांदेडहून पोचवायची होती. टेम्पोत टाकता आली असती. मीच म्हणालो, चालवत आणतो.

शनिवारी निघालो आणि विष्णुपुरीला धरण बघत बसलो. तिथंच ऊन चढलं. सोनखेडच्या पुढं डावं पायडल कटकट करायला लागलं. सायकल जुनी, काळी. हिच्या पायडलचा दांडा कॉटर नावाच्या खिळीवर बसतो. मी पाना काढून कॉटरचा नट जीव खाऊन आवळला. आटेच गेले. मग एका पायानं रेटत, निम्मं ढकलत, एका चहाच्या टपरीशी सायकल आडवी टाकली.

"येष्टीच्या टपावर टाकायची की," बाकावरचे काका म्हणाले.

"आता टप कुठं ऱ्हायलेत?" शेजारचे म्हणाले. "हौस हाय त्याला, चालवू द्या."

टपरीवाल्या मावशी चहा गाळत होत्या. "मघापासून काय करून राहिलास रे?"

"दांडा ढिला झालाय मावशी. नट बसंना."

"कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की नट लावतेत का? पाचर मार."

टपरीवरच्या रिकाम्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी केली, कॉटरच्या सपाट बाजूला लावली. मावशींनी आलं ठेचायचा बत्ता दिला. "आल्याला वंगणाचा वास आला तर गिऱ्हाईक तुझ्याकडं पाठवीन." तुमच्यावर अशी वेळ आली तर दांड्याखाली दगडाचा टेका द्या, नाहीतर ठोके आतल्या छऱ्यांवर बसतात. खीळ ठोकूनच बसते, नट नुसता राखणीला. आधी ठोकायचं, मग आवळायचं. मी उलटं केलं होतं. निघताना दोन कॉटर खिशात टाका, चहाच्या भावात मिळतात.

पुढं प्रत्येक चढाला उतरून दगडानं ठोकत गेलो. अहमदपूरला स्टँडजवळच्या लॉजवर पडलो. गादी बरी होती, गुडघा झोपू देईना. रविवारी चाकूरला रसवंतीवर बसलो तो उठवेना. सायकलची दुकानं बंदच. म्हणजे ताई सोमवारी पत्र्याच्या पाचरीवरच जाणार.

लातुरात तिनं गल्लीत एक चक्कर मारली. "ब्रेक ढिला हाय," म्हणाली आणि वरण गरम करायला आत गेली. ब्रेक आवळला, पाचरीला आणखी चार ठोके घातले, जेवलो आणि बसनं नांदेडला आलो. ते सगळे चढ खिडकीतून सपाटच दिसले.

सोमवारी उजाडायच्या आधीच जाग आली. फोन उशाशी घेऊन पडून राहिलो.

"पोचले," ताई म्हणाली. मागं भांड्यांचा आवाज होता.

मग झोप लागली.