काट्यावर हलकी भरलेली गाडी

बावीस वर्षं मी गाडीत डाव्या सीटवर बसते आहे. कराडला चिकटून असलेल्या मलकापुरात एक ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथं मी बायकांना गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत ब्रेक आणि क्लच माझ्याही पायाखाली असतात, ॲक्सिलरेटर मात्र फक्त शिकणारीकडे. म्हणजे गाडी थांबवायचा अधिकार माझा, पळवायचा नाही. कुणी तिसरा गिअर टाकला की मीच ओरडते. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा उजवा पाय दाबतेस.

कोल्हापूरच्या अलीकडे हायवेपासून थोडा आत एक छोटा ट्रॅक आहे. ठरलेल्या रविवारी नाव नोंदवायचं, हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. एका लग्नाहून परतताना आम्ही दोघं तिथं सहज थांबलो. मोठमोठ्या गाड्यांच्या गर्दीत एक टक्कल पडलेले गृहस्थ एक म्हातारी, फिकट लाल गाडी घेऊन वळणावळणाला सगळ्यांना मागं टाकत होते. ते उतरल्यावर मी भीड न बाळगता विचारलं, एवढं काय घातलंय हिच्यात? ते म्हणाले, "घातलं काहीच नाही, काढलंय. ताकद विकत घ्यावी लागते, वजन फुकटात कमी होतं."

हे वाक्य मी डोक्यात घेऊनच घरी आले.

तशी एक म्हातारी गाडी माझ्या माहेरी शेडमध्ये उभी होती. माझं माहेर सांगलीच्या बाजूला, वाळव्याकडं. आबा मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शनीला आल्यावर त्यांनी ती चारचाकी घेतली आणि कालव्याकडेच्या कच्च्या रस्त्यावर मला शिकवली. धाकट्या भावाला तिचं कधीच वेड नव्हतं. त्याला बुलेट हवी होती, ती त्याला मिळाली. मला शिकवताना शेजारी बसून त्यांनाही मागचं दिसावं म्हणून आबांनी डाव्या बाजूला काचेवर एक छोटा जादा आरसा बसवला होता. डॅशबोर्डवर नारळ ठेवायचे आणि म्हणायचे, "ब्रेक असा लाव, की नारळ जागचा हलला न्हाई पायजे." तो नारळ सुरुवातीला माझ्या मांडीवर यायचा. महिनाभरानं यायचा बंद झाला.

आई आधीच गेली होती. आबा गेले आणि वर्षश्राद्धानंतर हक्कसोडपत्राचा विषय निघाला. आमच्याकडं बहिणीनं जमिनीवरचा हक्क भावाला सोडून द्यायचा, ही रीतच आहे. सोडणारीला साडी-चोळी मिळते आणि न सोडणारीला माहेर बंद होतं. मला जमीन नको होती, हे खरंच सांगते. ऊस लावून मी काय करणार होते? मी भावाला म्हटलं, मी सही देते, मला फक्त शेडमधली गाडी दे.

तो हसला. "ती व्हय? ने की, आक्का. तुझीच हाय ती."

रजिस्ट्री कचेरीत वकिलाच्या कारकुनानं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. इथं, इथं आणि इथं. त्यातला एक कागद गाडीचा होता. ती भावाच्या नावावर व्हायला वारस म्हणून माझी हरकत नाही, असा. मी विचारलं, हे कशाला? भाऊ म्हणाला, "आधी समदं एका नावावर येऊ दे. मग गाडी तुझ्या नावावर करू. आत्ताच तुझ्या नावावर घालायची तर आर्टीओत लय हेलपाटे पडत्यात." मी सही केली. पाटी वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे रोज पोरींच्या कानीकपाळी ओरडणारी मी. एकीला तर 'प्रवेश बंद' वाचलं नाही म्हणून मी गाडीतून उतरवून पायी पाठवलं होतं.

जमिनीचा कागद झाला. गाडीचा राहिला तो राहिलाच. एकदोनदा मी आठवण करून दिली, तर भाऊ म्हणाला, "आपल्या आपल्यात कागद कशाला?" मलाही ते बरंच वाटलं. भावाबहिणीत कागद आला की नातं गेलं, असं आबाच म्हणायचे. शिवाय गाडीची रस्त्यावरची मुदत संपतच आली होती. ती ट्रॅकवर टेम्पोत घालूनच न्यायची होती.

पुढचं दीड वर्ष माझं सगळ्यात सुखाचं गेलं. मलकापुरात आमच्या स्कूलच्या गाड्या दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री आहेत. साठीचे, तोंडानं फटकळ, हातानं सोनं. त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात मी गाडी लावली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, पळवायची हाय का थांबवायची हाय?" मी म्हटलं, पळवायची. ते म्हणाले, "मग आदी थांबवायचं बगू." पहिले तीन महिने आम्ही फक्त ब्रेकवर घालवले. नवे पॅड, नव्या नळ्या, तापलं तरी न उकळणारं ऑइल. इंजिनाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "ते म्हातारं हाय पण निर्व्यसनी हाय," म्हणाले.

मग वजन. मागची सीट गेली. कार्पेट, छताचं कापड, दारांचे पुठ्ठे, टेप, स्पीकर, जादा चाक, सगळं गेलं. तळाला आवाज दाबायला डांबराचा जाड थर असतो, तो काही केल्या निघेना. शेवटी मी बर्फाची लादी आणून फोडली, थरावर पसरली आणि तो कडक झाल्यावर घरच्या उलथन्यानं खरवडला. चार रविवार लागले. उलथनं वाकलं. सासूबाईंनी वाकलेलं उलथनं हातात घेऊन पाहिलं आणि त्या आठवड्यात घरात थालीपीठ झालं नाही.

दर महिन्याला आम्ही गाडी रस्त्यापलीकडच्या वजनकाट्यावर न्यायचो, जिथं उसाच्या ट्रॉल्या तोलतात. काट्यावरचा माणूस आधी हसायचा. नंतर तोच विचारायला लागला, "मॅडम, ह्या महिन्यात किती उतरली?" शेवटी एकूण सव्वा क्विंटल उतरली. मिस्त्री म्हणाले, "गाडीचं झालं. आता तुमी कवा उतरताय? डायव्हरचं वजन बी गाडीतच धरत्यात." मी दोन महिने भात सोडला.

एकच वस्तू मी काढू दिली नाही. आबांचा आरसा. मिस्त्री म्हणाले, ट्रॅकवर डावीकडनं कोण तुमाला शिकवणार हाय? मी म्हटलं, राहू दे. त्यांनी तो काढला, पुसला आणि नवा स्क्रू घालून परत बसवला.

पुण्याहून कुणाची तरी वापरलेली रेसिंगची सीट आली, पट्टे आले. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून मिस्त्रींनी मागं जाड पाइपचा पिंजरा वेल्ड करून दिला. सकाळच्या जादा बॅचेस घेऊन मी हे सगळं जमवलं होतं. एक रविवार ठरला, ट्रॅकवर माझं नाव लागलं, टेम्पो सांगून झाला. हेल्मेट मी घरात घालून बघायची. कुकर लावताना एकदा घातलं, तर शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत आणि डाळ करपली.

रविवारला दहा दिवस होते आणि मिस्त्रींना गॅरेजवरचा पत्रा बदलायचा होता. गाडी कुठं ठेवायची, हा प्रश्न पडला. भाऊ त्याच वेळी कराडला आला होता. गाडीत बसला, स्टिअरिंग फिरवून बघितलं, मागं वळून मोकळा पत्रा बघितला आणि पोट धरून हसला. "आक्के, हिच्यात काय ठिवलंच न्हाईस की." मग म्हणाला, "आपल्या शेडात लाव. तितं कोण हात लावतंय?"

मी स्वतःच ती टेम्पोत चढवून तिथं नेली. जादा किल्ली त्याच्या हातात दिली. पाऊस आला तर आत सरकवता यावी म्हणून.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी त्याचा फोन आला. नवी गाडी घेतली होती, मोठी, पांढरी. "तू ओवाळल्याबिगर ती अंगणातनं हलायची न्हाई. दुपारच्या आत ये." मला आनंद झाला. खोटं का बोलू? आपल्याशिवाय माहेरी काही अडतं, हे ऐकायला कुठल्या बाईला आवडत नाही? मी स्कूलमध्ये रजा टाकली, पेढे घेतले आणि एसटीनं गेले.

अंगणात शेजारपाजार जमला होता. बॉनेटवर हार, डॅशबोर्डवर नारळ, चाकांखाली लिंबं. भावजयीनं तबक तयार ठेवलं होतं. मी कुंकवात बोट बुडवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, निरांजन उचललं. ओवाळायला लागले आणि नवीन गाडीच्या पलीकडं शेड दिसली. शेड रिकामी होती. खाली तेलाचे दोन डाग होते.

मी ओवाळता ओवाळताच विचारलं, "माझी गाडी कुठाय रं?"

"दिली की," तो म्हणाला. "भंगारात. सरकारमान्य सेंटर हाय, सर्टिफिकेट देत्यात. ते लावलं की नव्या गाडीवर सवलत मिळती. माझ्या नावावर तेवढी एकच जुनी गाडी हुती."

अगदी सहज म्हणाला. चोरी करताना पकडलेला माणूस निदान चाचरतो. हा चाचरलासुद्धा नाही, कारण त्याच्या हिशेबी काही घडलंच नव्हतं. कागद त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर आणि त्या कागदावर सही माझी.

शेजारच्या काकू बघत होत्या. भावजय पदर सावरत बघत होती. मी तबक खाली ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. हात गोल फिरतच राहिला, तीनदा, पाचदा, अक्षतासुद्धा टाकल्या. त्याच्यावर मला जितका राग आहे, त्याहून जास्त त्या हातावर आहे. भावानं मला फसवलं तेव्हा मी त्याच्या गाडीला ओवाळत होते. हे मी अजून नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

रविवारचं सांगण्यासारखं काही नाही. मी ट्रॅकवर फोन करून नाव काढायला लावलं. मिस्त्रींना सांगायला गेले, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "आरसा तरी आणायचा हुता." पण त्या गुरुवारचं शेवटचं अजून राहिलंय, ते सांगते.

नारळ फोडायचा तो फोडला, पेढे वाटले आणि भावानं नव्या गाडीची किल्ली माझ्यापुढं धरली. "पैली फेरी तूच मार, आक्का. तुझ्यासारखी गाडी घरात कोण चालवतंय?" हेसुद्धा तो मनापासून म्हणाला. मी बसले. तो डावीकडं बसला. कालव्याकडेचा तोच रस्ता, आता डांबरी, सरळ आणि दुपारचा मोकळा. डॅशबोर्डवर दुसरा नारळ ठेवला होता, देवीला न्यायचा.

"तुझी गाडी काट्यावर लय हलकी भरली गं," तो म्हणाला. "तितं वजनावर पैशे देत्यात. त्यो माणूस म्हनला, एवढी कशी रिकामी?"

"आबांचा आरसा काढून ठेवलास?"

"कसला आरसा?"

मी तिसरा गिअर टाकला. मग चौथा. पाय खाली दाबला आणि तिथंच ठेवला. ती जड, फुगलेली गाडी आधी कुरकुरली आणि मग सुटली. ऊस दोन्ही बाजूंनी मागं पळू लागला. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा उजवा पाय त्याच्या खऱ्या कामाला लागला होता आणि मला त्यात काडीचाही आनंद होत नव्हता. भावानं वरचं हँडल धरलं. मी त्याच्या पायाकडं बघितलं. तो पायपुसणीवर गच्च दाबलेला होता. नवशिक्या बाईच्या शेजारी बसून मी रोज दाबते तसाच, फक्त त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता.

"आक्का, हळू."

"का रं? माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

कालव्याचं वळण आलं. मी ब्रेक लावला, आबांनी शिकवला तसा. नारळ जागचा हलला नाही.

"हाय की," तो म्हणाला. पण गाडी पूर्ण थांबेपर्यंत त्यानं पाय उचलला नाही.