हॅरॉल्डसाठी वाजलेल्या टाळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी शेजारणीच्या फ्रीजमध्ये काय आहे तेही सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका.

टोरोंटोला आमच्या काँडोत, आमच्याच मजल्यावर, हॅरॉल्ड राहायचा. नव्वदी ओलांडलेला, पण इंग्रजीत नावानेच हाक मारायची, म्हणून मराठीतही तो 'तो'च राहिला. एके काळी हॉलीवूडमध्ये पटकथा लिहायचा. आता हात थरथरायचे. मी बँकेतून रिटायर झालेली, त्याच्या आठवणी टाइप करून द्यायला लागले. आणि काय मिरवलं मी त्याला! इथल्या मराठी मंडळात जाईन तेव्हा 'आमचा हॉलीवूडचा लेखक'. शेवटी मंडळातल्या ज्येष्ठांनी सांगितलंच — घेऊन या त्यांना, तुम्ही मराठीत त्यांच्याविषयी बोला.

एक गोष्ट त्याने मला आधीच लिहून घ्यायला लावली होती. त्या काळी अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून सिनेमावाल्यांना चौकशीला बोलवायचे, मित्रांची नावं विचारायचे. हॅरॉल्डने नाव दिलं. बेनचं — दोघं एकाच टेबलावर बसून लिहायचे. बेनला पुन्हा काम मिळालं नाही. हॅरॉल्ड आणखी दहा वर्षं लिहीत राहिला, मग इकडे निघून आला. मंडळात आधी हेच सांग, असं त्याने मला बजावलं होतं.

मी — कसं सांगू — ते पान न वाचताच उलटलं. समोर सगळे नटूनथटून बसलेले, आणि माझा पाहुणा फितूर? मी म्हटलं, यांनी एकही नाव दिलं नाही. स्वतःचं काम गेलं, पण मित्राला वाचवलं. अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. दोघं-तिघं तर त्याच्या पाया पडले. तो खाली मान घालून बसलेला. "ताई, किती हम्बल आहेत हो!" कुणीतरी म्हणालं.

गाडीत त्याने विचारलं, "डिड यू टेल देम अबाउट बेन?"

"एव्हरीथिंग," मी म्हटलं.

"अँड दे स्टिल स्टुड अप?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? — नाही, म्हणता आलं असतं. घर यायला वीस मिनिटं होती. तो खांदे हलवत रडत होता, आणि मी हीटर वाढवला.

पुढच्या आठवड्यात त्याने मला तेही लिहून घ्यायला लावलं — त्यांना सगळं कळलं, तरी ते माझ्यासाठी उभे राहिले. मी टाइप केलं. वाचूनही दाखवलं.

त्याच हिवाळ्यात तो गेला, आपल्याला माफी मिळाली असं समजून. त्या हॉलमध्ये त्याचा गुन्हा ठाऊक असलेली एकटी मी होते. आणि मी त्याला माफ केलं नव्हतं. मला त्याची लाज वाटली होती.