आत्याने शेगडीला लावलेली काडी

माझी आत्या घरोघरी ऊबेसाठी लाकूड जाळायच्या बंद शेगड्या बसवते, धुराडी साफ करते आणि माणसांना झापते. तिसरं काम फुकटात. गिऱ्हाइकं पाठीमागे तिला ‘भडका’ म्हणतात. मीही म्हणायचे. चारचौघांत पाणउतारा झाला की कुणाचंही डोकं फिरतं.

माझं बाळ वीस दिवसांचं असताना ती सकाळी बघायला आली. बाळ शेगडीच्याच खोलीत झोपलं होतं. आत्याने मला विचारलं, “तोंड का असं? डोकं दुखतंय?”

“चार दिवस झाले. जागरणाने असेल.”

“जागरणाने म्हणे!”

ती तडक शेगडीपाशी गेली. हवा आत सोडायची खिटी पार बंद. लाकडं काळी पडून धुमसत होती. खिडक्यांच्या फटींना नवऱ्याने हौसेने रबरी पट्ट्या लावल्या होत्या आणि स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकत गरगरत होता.

“आत्या, आता एक ओंडका अर्धा दिवस पुरतो,” नवरा कौतुकाने म्हणाला.

“पुरेल नाहीतर काय! तो जळतोय कुठे? घुसमटतोय नुसता. आणि त्याच्याबरोबर तुम्हीही!”

तिने शेगडीचं दार बोटभर उघडून फटीशी पेटती काडी धरली. ज्योत आत ओढली जायला हवी होती. ती उलट आमच्याकडे वाकली.

“बघितलंत? पंखा हवा बाहेर ओढतोय. खिडकीतून यायला तिला जागा ठेवली नाहीत, मग ती धुराड्यातून उलटी खाली येते. विषारी वायू घेऊन!” तिने पंखा बंद केला, खिटी ओढून उघडली, खिडकी सताड उघडली.

“अहो, बाळाला गारठा लागेल! आणि धूर तर कुठेच दिसत नाही,” म्हणत नवऱ्याने खिडकी लावून टाकली.

मला राग आला तो आत्याचाच. माझ्या घरात येऊन माझ्याच नवऱ्यावर खेकसते! “आत्या, जरा नीट बोल की.”

“नीट?” तिचा आवाज चिरकला. “नीट बोलले होते एकदा. काम नवीन होतं. घरमालक म्हणाला, बाई, फटी बुजवल्यात, छान ऊब राहते. मला दिसत होतं सगळं. पण गिऱ्हाईक दुखावेल म्हणून हसले, चहा प्यायले, निघून आले. दोन दिवसांनी त्यांची धाकटी झोपेतून उठलीच नाही. तुमच्यावर कुठे ओरडतेय मी? त्या हसणाऱ्या बाईवर ओरडतेय!”

मी बाळाला छातीशी धरून बाहेर पायरीवर आले. दोघांनाही आधी डॉक्टरकडे न्या, असं आत्या आतून ओरडून सांगत होती, आणि नवरा खिडकीची पट्टी नखांनी ओरबाडून काढत होता.