समोरच्या दाराचं गाऱ्हाणं

गुहागरच्या एसटी स्टँडवर आई पदराने डोळे पुसत होती आणि बाबा माझ्या बॅगेचं वजन हाताने जोखत होते. "परमुलखात कोणाच्या अध्यातमध्यात जाऊ नको. आपण भले, आपलं काम भलं." एवढंच म्हणाले. मी ते नियमासारखं पाळलं. रॉटरडॅमला गोदामाच्या अकाउंट्समध्ये नोकरी, हप्त्यांवरचा फ्लॅट. जिन्यात कोणी भेटलं की मान हलवायची आणि पुढे जायचं. आकड्यांच्या माणसाला ते सोयीचंच होतं. बायकोने मात्र समोरच्या दारातल्या सेलामशी ओळख वाढवली. सेलाम आफ्रिकेतली, असमारा शहरातली.

गेल्या गणपतीला बाबा आमच्याकडे आले होते. सकाळच्या आरतीनंतर ते गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. वाडीतल्या एकेका घराचं नाव घेऊन देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं, ही आमची रीत. तेवढ्यात बेल वाजली. दारात सेलाम. नवऱ्याला हृदयाच्या ऑपरेशनला आत नेलं होतं, तिला घरात एकटीने बसवेना. बायकोने तिला हाताला धरून आत आणलं.

गाऱ्हाण्यात वाडीबाहेरचं माणूस घेत नाहीत. चिपळूणच्या एका पाहुण्याला बाबांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुमचं तुमच्या गावदेवाला सांगा." आज तेच म्हणाले, तर हिला डचमध्ये काय सांगू? बाबा तिच्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघत राहिले. तिच्या मुठीत फोन.

"कुठचा गाव हिचा?"

"असमारा," मी म्हणालो.

"घोवाचा नाव?"

"योनास."

बाबांनी हात जोडले. "बा गणराया, असमारा गावच्या योनासला आज आत नेलाय. त्याला हातीपायी धड घरी आण रे महाराजा!"

आमचा "होय महाराजा" जेमतेम निघाला. पुढच्या नावाला मात्र त्यात सेलामचाही आवाज होता.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. योनास शुद्धीवर आला होता.

यंदा बाबा वाडीत होते, आम्ही व्हिडिओ कॉलवर. गाऱ्हाण्यात असमारा आलं तसं धाकट्या काकांनी टोकलं, "दादा, ही कुठची वाडी काढलीस?"

"माझ्या मुलाच्या समोरचा दार," बाबा म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

घर कुठे म्हणून कोणी विचारलं की मी पूर्वी नुसतं गुहागर म्हणायचो. आता समोरच्या दारासकट सांगावं लागतं.