प्रतिसाद चांगला आहे

ताईच्या हाताला सलाइनची सुई लावलेली होती आणि पिशवीतलं औषध थेंबाथेंबाने उतरत होतं. माझी ही बहीण शाळेत गणित शिकवते. तिच्या स्तनाच्या कॅन्सरवर मोनोक्लोनल अँटिबॉडीचे उपचार सुरू झाल्यापासून दर खेपेला मी सोबत येतो. हे औषध म्हणे कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखतं आणि नेमकं तिथेच जाऊन चिकटतं.

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा ताईने विचारलं, "यंदा दहावीचा वर्ग घेऊ का? मुलांना मध्येच सोडावं लागणार नाही ना?"

"प्रतिसाद चांगला आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे वर्ष पुरं होईल?"

"प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं. पुढच्या स्कॅननंतर बघू."

ते शेजारच्या खाटेकडे वळले. माझा नुसता संताप झाला. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीवरची खूण हुडकणारं औषध माणसाने तयार केलं, आणि एका बाईला वर्षभराचं उत्तर कुणाला देता येऊ नये? डॉक्टर खोटं बोलत नव्हते. खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे चिडायचं कुणावर, हेही कळेना. मी त्या थेंबांकडेच रागाने बघत बसलो.

ताईने मोकळ्या हाताने मुख्याध्यापिकांना फोन लावला. "बाई, दहावी माझ्याकडेच राहू द्या."

"आणि नाही जमलं तर?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"म्हणून तर भूमिती आधी घेणार आहे," ती म्हणाली. "पोरांना तीच जड जाते."