देवाचा टिपका

माझी बायको कमल गेली, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी अंगणात बसून जुन्या कारचा टायमिंगचा पट्टा बदलला. जोडीनं केलेलं शेवटचं काम तेच. तिचा धाकटा भाऊ शंकर केनवडला खाटेवर पडून, कमरेखालून लुळा. "त्याले एकडाव डोळ्यानं पाहू द्या," म्हणून तिनं माझं डोकं खाल्लं होतं. पण पट्टा असा भेगाळलेला, की वाटेत तुटला असता तर इंजिन गेलंच. शेलूबाजारात जन्मभर जीप चालवली, मला मिस्त्री लागत नाही. पुलीवरच्या कंपनीच्या खुणा गंजून गेलेल्या, म्हणून पट्टा काढायच्या आधी कमलनं पुल्यांवर अन् त्यांच्यासमोर इंजिनवर ओल्या कुंकवाचे टिपके दिले. टिपक्यासमोर टिपका आला की टायमिंग बसलं.

नवा पट्टा चढवला. चावी मारायच्या आधी इंजिन हातानं फिरवून पाहावं लागतं. पाना तिच्या हातात होता. अर्ध्यातच थांबली.

"अडून राह्यलं जी."

"जोर लाव. भाकर कमी खाल्ली काय?"

"तुमीच लावा. मोडलं तं माह्या नावानं बोंबलू नका."

पाना धरला अन् कळलं... व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला होता. वाकून पाहिलं, तर वरच्या पुलीवर टिपके दोन!

"हा दुसरा कायचा व?"

"पूजेचा. नवा पट्टा हाये, देवाले कुंकू नको?"

मी देवाच्या टिपक्यावर टायमिंग बसवलं होतं. "तुह्या देवानं इंजिन खाल्लं असतं," मी ओरडलो. ती तोंडाला पदर लावून हसत बसली, पण टिपका पुसू दिला नाही. पट्टा पुन्हा काढून बसवला. इंजिन मोकळं फिरलं, गाडी पहिल्याच चावीला लागली. तिनं भावासाठी ज्वारीचे धापोडे, उन्हात वाळवलेले पापड, बांधून ठेवले.

सकाळी हाक मारली. उठली नाही. अंग थंड... तेरवी होऊन गेली तरी लोक म्हणतात, झोपेत गेली, चांगलं मरण आलं. मला त्यात चांगलं काही दिसत नाही.

त्या सकाळी बाया जमल्या. सवाष्ण गेली की अंगावर शेवटची साडी माहेरची लागते. शंकरला फोन करा म्हणाल्या. मी केला नाही. गाडी काढून केनवडला गेलो. हॉर्न ऐकून तो कोपरावर उठला होता, माझ्या मागं पाहत होता.

"अक्का उतरून राह्यली काय, भाऊजी?"

"एक साडी घे, शंकर," मी म्हटलं. "नवी."

त्यानं पेटीकडं बोट केलं. त्याच्या बायकोनं पेटी उघडली. मी त्याला उचलून मागच्या सीटवर निजवलं, साडी त्याच्या छातीवर ठेवली अन् गाडी घराकडं वळवली.