शेवटून दुसरा

कुस्तोदियो ग्वातिबोन्साचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. शर्यत चालू असतानाही. बाकीचे सायकलस्वार सहापर्यंत झोपायचे. हा हॉटेलच्या मागच्या अंगणात, मी चाकं नीट करत असे तिथं येऊन बसायचा. पोरवयापासून दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढल्या, मग दुधाचे दोन कॅन सायकलला बांधून अठरा किलोमीटर चढ चढला. शरीराला तीच वेळ लागली होती. बसला तरी रिकामा बसायचा नाही. रॉकेलचा बोळा घेऊन सगळ्यांच्या साखळ्या पुसायचा.

मी संघाचा मेकॅनिक. एकवीस वर्षं ते काम केलं. कोण किती राबला ते मी सायकलवरून सांगत असे. कुस्तोदियोच्या हँडलची पट्टी घामानं दर तिसऱ्या दिवशी कुजायची. दुसऱ्या कुणाची आठवडाभर टिकायची.

तो पाणक्या होता. संघात सात जण. एकानं जिंकायचं, सहांनी त्याला जिंकवायचं. पाणक्यानं मागं आमच्या गाडीपाशी यायचं, आठ बाटल्या सदऱ्यात कोंबायच्या, पुन्हा पुढं जाऊन वाटायच्या. मग म्होरक्याच्या पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याचा दम वाचावा म्हणून, आपला संपेपर्यंत. आमचा म्होरक्या बेलार्मिनो सुलुआगा. रेडिओवर नाव त्याचंच.

कुस्तोदियोचे वडील आब्दोन, गावात मानानं डॉन आब्दोन, तो रेडिओ ऐकायचे. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली, छातीतून कायम शिट्टी वाजायची. आमच्या डोंगरात बाप मुलालाही तुम्हीच म्हणतो, आणि त्या तुम्हीतून चांगले चिमटे काढता येतात.

"सात वर्षं झाली," म्हातारा म्हणायचा. "रेडिओवाला रस्त्यातल्या गाढवाचंसुद्धा वर्णन करतो. तुमचं नाव घेत नाही. तुम्ही नक्की शर्यतीलाच जाता ना?"

"जातो, बाबा."

"मग कितवे येता?"

"गेल्या खेपेला बावन्नावा."

"आपल्या गावात बावन्न सायकली तरी आहेत का?"

घरातल्या बायका हसायच्या. कुस्तोदियोही हसायचा. पण एकदा साखळी पुसताना मला म्हणाला, "त्यांनी मला एकदा बघायला पाहिजे. रेडिओ राहू दे. डोळ्यांनी."

आठव्या वर्षी शर्यतीचा नववा टप्पा तिबाचोकेवरून, म्हणजे त्याच्या गावातून ठरला. आमच्यात रीत आहे, ज्याचं गाव वाटेत येतं त्याला जथा, म्हणजे सगळ्या स्वारांचा घोळका, पुढं सोडतो. तो एकटा गावात शिरतो, घरच्यांना मिठी मारतो, मागून जथा आला की मिसळतो. मात्र एकूण वेळेत जो पहिला, पिवळा सदरा ज्याच्या अंगावर आहे, त्याला आदल्या दिवशी विचारावं लागतं. तो तेव्हा दुसऱ्या संघाचा होता. कुस्तोदियोनं विचारलं.

"जा की," पिवळ्या सदऱ्याचा स्वार म्हणाला. "पण मिठी मारून थांबा हां. तसेच पळालात तर तुमच्या बापासमोर पकडून आणीन."

कुस्तोदियोनं बसवाल्याबरोबर घरी निरोप धाडला: चर्चसमोर खुर्ची टाकून बसा. सगळ्यात पुढं एकटा येईल तो मी.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस. पहाटे चाकं तपासताना बेलार्मिनोच्या मागच्या टायरच्या बाजूला एक काप दिसला, नखाएवढा. नवे टायर थोडेच होते, ते मोठ्या घाटाच्या टप्प्यासाठी राखले होते. हा एक दिवस निघेल असं म्हणून मी तोच लावला.

तिबाचोकेच्या अलीकडं घाट आहे, मग उतार, मग तीन किलोमीटर सपाट माळ. घाटावर आमचे पाच पाणके मागं गळले. उतार संपताना जथ्यानं कुस्तोदियोला सोडलं. तो माळाला लागला आणि मागं उताराच्या पायथ्याशी बेलार्मिनोचा टायर गेला. चिखलात चाक बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. पिवळ्या सदऱ्याच्या माणसांनी तेवढ्यात वेग वाढवला. अशा वेळी कुणी थांबत नाही. आम्हीही थांबलो नसतो.

पुढं काय झालं ते मोटरसायकलवरून पाटी दाखवणाऱ्या माणसानं मला नंतर सांगितलं. त्यानं खडूनं लिहिलं: सुलुआगा पंक्चर, एकटा, एक मिनिट मागं. कुस्तोदियोनं ब्रेक दाबले. समोर चर्चचा मनोरा दिसत होता.

"अहो, गावातच थांबा की," पाटीवाला म्हणाला. "बापालाही भेटाल, तोवर तोही येईल."

"वारा समोरून आहे," कुस्तोदियो म्हणाला. "या माळावर तो एकटा आला तर आणखी एक मिनिट घालवील. मग काही उपयोग नाही."

निलगिरीच्या झाडाखाली एक पाय टेकून तो उभा राहिला. जथा त्याच्यासमोरून गेला. बेलार्मिनो आला तसा हा त्याच्या पुढं लागला आणि ओढायला लागला.

आमची गाडी त्या दोघांच्या मागंच होती. पावसात त्या वेगानं कुणी माळ ओलांडल्याचं मी पाहिलेलं नाही. मान खांद्यांत, नजर पुढच्या चाकावर, तोंडावर चिखल. बेलार्मिनोचं चाक त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर. मान उचलली, हात हलवला, की दोघं आडवे.

चर्चसमोर डॉन आब्दोन बसले होते. अंगावर लोकरीची रुआना, डोक्यावर प्लॅस्टिक. कुस्तोदियो त्यांच्यापासून दोन हातांवरून गेला. म्हाताऱ्यानं बघितलं आणि परत मान माळाकडं वळवली. मी खिडकीतून ओरडलो, "डॉन आब्दोन, तोच होता." त्यांनी हातानं गाडीला पुढं व्हायची खूण केली. आम्ही रस्ता अडवत होतो.

रेडिओ म्हणाला, सुलुआगानं एका सहकाऱ्यासोबत जथा गाठला.

बेलार्मिनो ती शर्यत एकोणीस सेकंदांनी जिंकला. जिंकणारा चषक ठेवतो, बक्षिसाची रक्कम पाणक्यांना वाटतो. कुस्तोदियोला आठ वर्षांत एवढा पैसा कधी मिळाला नव्हता. त्यानं विकत घ्यायला तीन गाई बघून ठेवल्या होत्या.

मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी निघालो. बसमध्ये त्याला टायरच्या कापाचं सांगितलं.

"मीही बघितला होता," तो म्हणाला. "साखळी पुसताना. मलाही वाटलं, एक दिवस निघेल."

म्हातारा दारात बसला होता. आम्हाला गुळाचं गरम पाणी मिळालं, मक्याच्या भाकऱ्या मिळाल्या.

"अंधार पडेपर्यंत बसलो," तो म्हणाला. "सगळे गेले. तुम्ही नव्हता."

"होतो, बाबा. जथ्याच्या शेवटी दोघंच गेले ना, त्यातला पुढचा मी."

"तो?" म्हाताऱ्याची छाती वाजली, तो खोकला, मग म्हणाला, "तो बैल होता. सगळ्या शर्यतीत राबणारा तेवढा एकच. मागचं ओझं ओढत होता, मान वर नाही. मी तिथंच म्हटलं, कुणाचा पोरगा असेल हा. उगाच दुसऱ्याचे कष्ट आपल्या नावावर घेऊ नका."

"खरंच तो होता," मी म्हणालो. "मी मागच्या गाडीत होतो."

"तुम्ही त्याचे दोस्त. तुम्ही दुसरं काय म्हणणार? माझ्या मुलाची पाठ मला ओळखता येत नाही होय?"

कुस्तोदियोनं मला डोळ्यांनी गप्प केलं. भाकरीचा तुकडा बापाच्या ताटलीत ठेवला.

"असेल कुणाचा तरी," म्हणाला.

जुलैत म्हाताऱ्याची फुप्फुसं हरली. डॉक्टर म्हणाले, प्राणवायू लागेल, रात्रंदिवस. गाई घ्यायच्या राहिल्या. सोगामोसोहून आठवड्याला दोन टाक्या बसच्या टपावरून यायच्या आणि बसथांब्यापासून घरापर्यंतचा चढ कुस्तोदियो त्या खांद्यावर घेऊन चढायचा. अकरा आठवडे. एकदा मी गेलो तेव्हा म्हातारा रबरी नळी नाकातून काढून मला म्हणाला, "त्या बैलाचं नाव कळलं का हो?"

सप्टेंबरच्या शेवटी, सकाळच्या वेळी म्हातारा गेला. बक्षिसाचे सगळे पैसे त्या टाक्यांत गेले. शेवटची निम्मी भरलेली होती. निम्म्या टाकीचे पैसे परत मिळत नाहीत.